जुनी लुगडी, चोळ्या, शालू बघायला जाताय? मग या क्रमानं बघा

जुन्या काळच्या बायकांच्या पेहरावाचं प्रदर्शन लागलं की कोल्हापूरकर आवर्जून जातात. बाहेर आल्यावर कुणाला विचारावं, "काय काय बघितलंसा?" तर उत्तर ठरलेलं: "शालू लै भारी होते. जरी तर बघण्यासारखी." त्यातलं कोणतं लुगडं रोज नेसलेलं होतं, कोणतं आयुष्यभर घडीतच राहिलं, चोळीला गाठ होती की बटणं, काठ मागावर विणलेला होता की वरून शिवलेला, यातलं काहीही लक्षात राहिलेलं नसतं.

यात बघणाऱ्यांच्या आवडीचा दोष नाही, क्रमाचा आहे. आधी पाटी वाचायची, मग फोटो काढायचा आणि उरलेल्या दोन सेकंदांत कापडाकडे नजर टाकायची, असं बहुतेकांचं चालतं. कापडाला सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत कमी वेळ मिळतो. हा क्रम उलटा करायचा आहे.

खाली दिलेले टप्पे कुठल्याही प्रदर्शनाला लागू पडतील, मग ते टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयातलं असो, न्यू पॅलेसमधलं छत्रपती शहाजी म्युझियम असो, शाहू स्मारक भवनातलं चार दिवसांचं प्रदर्शन असो, नाहीतर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात काढलेली फेरी असो.

टप्पा १ : निघण्याआधी फोन करा

वेळ आणि तिकीट विचारून फोन ठेवू नका. पुढचे प्रश्नही विचारा.

१. मांडलेली वस्त्रं मूळ आहेत की नमुन्यावरून नव्यानं करवलेली? दोन्ही असतील तर मूळ कोणती, ते पाटीवर लिहिलंय का?

२. लुगडी पुतळ्यांवर नेसवलीत की घडी घालून ठेवलीत? नऊवारीची लांबी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं कापड कपाटात उलगडून ठेवायला जागा नसते, म्हणून बऱ्याचदा फक्त पदर आणि काठ दिसतात. हे आधी कळलं तर जाऊन हिरमोड होत नाही.

३. फोटो चालतात का? न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आत फोटो काढायला मनाई आहे. तसं असेल तर वही-पेन्सिल अधिक महत्त्वाची.

४. समजावून सांगणारं माणूस कोणत्या वेळी असतं?

५. एखादं ठरावीक वस्त्र बघायला जाणार असाल तर ते सध्या मांडलेलं आहे का, हेही विचारा. कापडाला उजेड सोसत नाही, म्हणून चांगली संग्रहालयं काही महिन्यांनी वस्त्रं बदलतात आणि आधीची पेटीत विश्रांतीला ठेवतात. पेपरात फोटो आला होता ते लुगडं तुम्ही जाल त्या दिवशी तिथं असेलच असं नाही.

सावधान : सोमवार टाळा. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं आणि अशी आणखीही बरीच संग्रहालयं आहेत. परगावाहून सोमवारी अंबाबाईचं दर्शन आणि संग्रहालय असा जोड बेत आखणारे हमखास बंद दारापाशी येऊन उभे राहतात.

टप्पा २ : घरची पेटी उघडा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि सगळं बिघडतं ते इथंच. दालनात काच असते, हात लावता येत नाही. ज्यानं ते कापड कधी हातात धरलेलं नाही त्याला काचेआड नुसता रंग दिसतो. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी घरातली जुनी पेटी किंवा कपाटाचा वरचा खण उघडायचा. आजीचं, आईचं, चुलत सासूबाईंचं कुणाचंही जुनं लुगडं चालेल. तेही नसेल तर शेजारच्या काकूंकडे हमखास निघतं.

१. हात साबणानं धुऊन कोरडे करा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. क्रीम लावू नका.

२. पलंगावर धुतलेली सुती चादर अंथरा आणि लुगडं तिच्यावर उलगडा. हवेत झटकून उलगडू नका. जुनं रेशीम घडीवर चिरतं.

३. उलटी बाजू बघा. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर मागून-पुढून जवळपास सारखाच दिसतो, कारण रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून तिथंच शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. मागे धाग्यांची लांब लोंबती जाळी दिसली तर ते विणकाम वेगळं.

४. इरकल असेल तर पदर जिथं सुरू होतो त्या रेषेवरून बोटाचं टोक हळूच फिरवा. बारीक उंचवट्यांची आडवी ओळ लागेल. इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात. अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी. हे दोन ताणे एकमेकांत फास अडकवून जोडतात, आणि ती ओळ म्हणजे त्या फासांची रांग. एकदा ती बोटाला कळली की काचेआडही डोळ्यांना सापडते.

५. खणाची चोळी मिळाली तर ती सपाट पसरून किती तुकड्यांची आहे ते मोजा. काखेखालचा छोटा चौकोनी तुकडा शोधा. हात वर केला की चोळी ओढली जाऊ नये म्हणून तो घालत.

६. घरात नऊवारी नेसणारं कुणी असेल तर एकदा नेसून दाखवायला सांगा. कासोटा कुठून निघतो, कुठं खोचतात, ओच्याला, म्हणजे पुढं पोटापाशी खोचलेल्या घोळाला, किती कापड लागतं, बसल्यावर कुठं ताण येतो, एवढं नजरेखालून गेलं की पुढचे टप्पे अर्धे झाले.

शेवटी स्वतःची वीत पट्टीनं मोजून ठेवा. दालनात पट्टी काढता येत नाही, पण काचेपासून जरा दूर हात धरून काठाची रुंदी वितेच्या अंदाजानं सांगता येते.

तपासणी : डोळे मिटून काठ, पदर, ओचा, कासोटा यांच्या जागा सांगता येतात का? येत असतील तर निघा.

टप्पा ३ : पिशवीत काय, अंगावर काय

वही लहान घ्या आणि लिहायला पेन्सिलच. कापडाजवळ शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते योग्यच आहे. जवळचा चष्मा विसरू नका. दालनात उजेड कमी असतो आणि धागे बारीक असतात.

अंगावरचा कपडा गडद रंगाचा असू द्या. पांढरा किंवा चमकीचा कपडा घातला की काचेत तुमचंच प्रतिबिंब पडतं आणि आतलं काळं चंद्रकळा लुगडं दिसेनासं होतं. ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही, पण फरक फार पडतो.

सावधान : अंबाबाईच्या देवळातून थेट संग्रहालयात जाणारे खूप असतात. अंतरही चालत जाण्याएवढंच. पण हातात ओटीचं सामान, हार, पेढे आणि बोटाला ओलं कुंकू घेऊन कापडाच्या दालनात जाऊ नका. ताज्या फुलांतून आणि गोडातून किडे येतात, आणि रेशमाला-लोकरीला किड्यांसारखा शत्रू नाही. केसांतला गजराही दाराबाहेर काढून ठेवा. हात धुऊन आत जा.

पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, ओली छत्री आणि रेनकोट बाहेरच ठेवा आणि अंग जरा सुकू द्या. ओलसर हवेत कापडाला बुरशी धरते. दहाजण ओले होऊन बंद दालनात शिरले की आतली हवा लगेच दमट होते.

टप्पा ४ : दिवस, वेळ, सोबत

मंगळवारी-शुक्रवारी देवळाच्या बाजूला गर्दी, शनिवारी-रविवारी पर्यटकांची गर्दी, नवरात्रात तर विचारायलाच नको. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी दार उघडल्यावर लगेच जा. गाडी लांब लावून चालत गेलात तरी चालेल, सीपीआर रुग्णालयाच्या चौकात जागा शोधत फिरण्यात वेळ जातो.

सोबत एखादी सत्तरीच्या पुढची बाई असू द्या. आजी, मावशी, आत्या, कुणीही. पाटीवर नसलेलं निम्मं त्यांच्याकडून कळतं. पुतळ्यावर नेसवलेलं लुगडं बघून अशा आज्या पटकन बोलून जातात, "ह्यो कासोटा असा नसतो रं पोरा, खाली बसली की सुटंल की बाई." असं वाक्य कानावर आलं की जागच्या जागी वहीत टिपा. मात्र त्यांना बसायला खुर्ची कुठं आहे ते आधी विचारून ठेवा. दालनात दीड तास उभं राहणं त्यांना झेपत नाही.

लहान मुलं असतील तर पाऊण तासाचाच बेत ठेवा आणि त्यांना एकच काम द्या: मोर किती सापडतात ते मोजा.

टप्पा ५ : पहिली फेरी, काहीही न वाचता

आत गेल्यावर आधी अंधारलेलं वाटेल. "लाईट लावा की" असं म्हणू नका. कापडाच्या दालनात उजेड साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवायचा असा संग्रहालयांचा रिवाज आहे. कचेरीत ३०० ते ५०० लक्स असतो, यावरून अंदाज येईल. उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं, एकदा उडालेला रंग परत येत नाही. पाच-दहा मिनिटांत डोळे सरावतात.

तेवढ्यात पूर्ण दालनातून एक संथ फेरी मारा. पाट्या वाचू नका, मोबाईल काढू नका. कुठं पाय आपोआप थबकतो ते बघा आणि वहीत त्या कपाटांची खूण करा. यातून तीन निवडायची. कपाटं तीस असली तरी तीनच.

अनेकांना हे पटत नाही. तिकीट काढलंय तर सगळं बघायचं, असा हिशेब असतो. पण तीस वस्त्रांपाशी प्रत्येकी अर्धं मिनिट थांबलात तर घरी येईपर्यंत सगळी एकमेकांत मिसळून जातात. तीनांपाशी वीस-वीस मिनिटं थांबा, ती वर्षांनंतरही वर्णन करून सांगता येतील.

सावधान : काचेला कपाळ टेकवू नका, बोट लावून दाखवू नका, बांगड्यांचा हात काचेवर आपटू देऊ नका. टॉर्च तर मुळीच नको.

टप्पा ६ : एक वस्त्र, सहा नजरा

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे आणि यात घाई नको. निवडलेल्या कपाटासमोर या, पाटीकडे पाठ फिरवल्यासारखं उभं राहा आणि या क्रमानं बघा.

पहिली नजर : काठ आणि पदर. काठ अंगाबरोबरच विणलेला आहे की नंतर शिवून जोडलाय? काठ आणि अंग भेटतात त्या रेषेवर टाके शोधा. राजघराण्यांतल्या विसाव्या शतकातल्या साड्यांमध्ये तलम विदेशी शिफॉनला वेगळा जरीकाठ शिवलेला दिसतो. फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याची साडी नेसण्याची चाल कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवींमुळे पसरली, आणि त्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. तेव्हा मराठी राजवाड्यातल्या पेटीत शिफॉन दिसलं तर चकित होऊ नका, पण त्याला 'मराठी विणकाम' समजूनही बसू नका. घडीचा एखादा कोपरा उलटलेला असतो. तिथं मागची बाजू दिसते. ती संधी सोडू नका.

दुसरी नजर : नेसण. पुतळ्यावर असेल तर लुगडं घोट्यापर्यंत आलंय की पोटरीपर्यंत? शेतात राबणारी बाई लुगडं आखूड नेसायची, वाड्यातली पायघोळ. पदर कोणत्या खांद्यावर आहे, डोक्यावर घेतलाय का, ओचा आहे की निऱ्या मोकळ्या सोडल्यात, हे वहीत चित्र काढून ठेवा. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालतं. मात्र लक्षात ठेवा, ही नेसण प्रदर्शन मांडणाऱ्यांनी केलेली आहे. जुन्या कापडावर ताण नको म्हणून कधी कधी कासोटा खरा घालतच नाहीत, नुसता दाखवतात. सोबतच्या आजींना इथंच विचारायचं.

तिसरी नजर : शिवण. चोळीपाशी आल्यावर हे सगळ्यांत कामाचं. टाके एकसारखे, एका मापाचे आहेत की थोडे मागेपुढे? हाताचा टाका सुंदर असला तरी त्यात श्वासाएवढा फरक राहतो. शिलाई मशीन १८५० नंतर बाजारात रुळलं. त्यामुळे पाटीवर 'पेशवेकालीन' लिहिलंय आणि शिवण मशीनची आहे, असं दिसलं तर दोन शक्यता: शिवण नंतर उसवून पुन्हा घातलीय, नाहीतर काळ चुकलाय. पेशवाई १८१८ मध्ये संपली, हा आकडा डोक्यात असू द्या. मग बंद बघा. पुढे गाठ मारायची चोळी, बटणांचं पोलकं आणि सैल झंपर हे तीन वेगळे कपडे आहेत, पाटीवर तिघांनाही 'ब्लाउज' लिहिलेलं असलं तरी.

आणि एक जागा हमखास बघा: बाजूच्या शिवणीला लागून, तिला समांतर, सुईच्या भोकांची एक रिकामी ओळ. टाके नाहीत, नुसती भोकं. याचा अर्थ चोळी कधीतरी उसवून सैल केली आहे. जिनं ती घातली तिचं अंग भरलं, ती बाळंतीण झाली किंवा चोळी एकीकडून दुसरीकडे गेली. एवढ्या एका ओळीनं त्या कपड्यामागे माणूस उभं राहतं. पाटीवर हे कधीच लिहिलेलं नसतं.

चौथी नजर : झीज. रोज नेसलेलं लुगडं खांद्यावर, कासोट्याच्या पट्ट्यात आणि खालच्या काठाला झिजतं. चोळी काखेत आणि गाठीच्या टोकांना. झीज फक्त घड्यांच्या रेषांवर असेल आणि बाकी कापड कोरं असेल, तर ते पेटीतच राहिलेलं वस्त्र. जरीचंही तसंच. अस्सल जरी म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती काळवंडते, आणि जिथं सारखी घासली जाते तिथं तार उडून आतलं रेशीम उघडं पडतं. काठावरचे असे पिवळट-लाल ठिपके म्हणजे वापराच्या खुणा, त्यांना खराबी म्हणून पुढे जाऊ नका.

पाचवी नजर : रंग. पहिला कृत्रिम रंग, मॉव्ह नावाचा जांभळा, १८५६ मध्ये सापडला. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. म्हणून झगझगीत जांभळा दिसला आणि काळ त्याआधीचा सांगितला असेल तर विचारायला हरकत नाही. पण लगेच निष्कर्ष काढू नका, लाखेपासूनही किरमिजी-गुलाबी छटा निघतात. पिवळ्याबद्दल सावध राहा: हळदीचा रंग उजेडात उडतो, त्यामुळे आज फिकट दिसणारं कापड कधीकाळी गर्द पिवळं असू शकतं. छापील कापडात काळ्या रेघांच्या जागी बारीक भोकं पडलेली दिसतील. लोखंड वापरून केलेला काळा रंग धागा कुरतडतो, बाकीची नक्षी शाबूत राहते आणि काळ्याचीच चाळण होते.

सहावी नजर : डागडुजी. रफू, ठिगळ, बदललेला काठ. आणि खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे दंड. लुगडं मध्यभागी विरलं की तो भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड भाग जोडून पुन्हा नेसायला काढायचं, याला दंड घालणं म्हणतात. अंगाच्या मधोमध आडवी किंवा उभी शिवण दिसली की तो दंड. प्रदर्शनात दंड घातलेलं लुगडं क्वचित मांडतात, आणि मांडलं असेल तर माझ्या मते सगळ्या शालूंआधी तिथं उभं राहावं. एका लुगड्यावर किती वर्षं काढली जात, ते तिथं दिसतं.

तपासणी : सहाही नजरांची निदान एकेक ओळ वहीत आहे का? नसेल तर पुढच्या कपाटाकडे वळू नका.

टप्पा ७ : आता पाटी वाचा

आता तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी आहे आणि पाटी त्याच्याशी ताडून बघायची आहे. चार गोष्टी शोधा: काळ, ठिकाण, कापड आणि वस्तू संग्रहात कशी आली.

'अंदाजे' किंवा 'विसाव्या शतकाचा पूर्वार्ध' लिहिलं असेल तर तो प्रामाणिकपणा समजा. 'ठिकाण' वाचताना एक घोटाळा टाळा. कापड विणलं गेलं ते ठिकाण आणि नेसलं गेलं ते ठिकाण एक नसतं. इरकल विणली जाते इलकलला, खण गुळेदगुड्डला, दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, शालू बनारसचा. नेसली मात्र कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीत. पाटीवर 'कोल्हापूर' दिसलं म्हणून ते इथल्या मागावरचं ठरत नाही.

पाटी आणि तुमची नोंद जुळली नाही तर वहीत प्रश्नचिन्ह काढा. पाटी चुकीची असेल, किंवा तुम्हाला कमी उजेडात चुकीचं दिसलं असेल. दोन्ही होतं.

टप्पा ८ : फोटो आणि चित्रं यांवर किती विश्वास ठेवायचा

वस्त्रांशेजारी जुने फोटो टांगलेले असतात. तिथं एक चूक सर्रास होते. फोटोत लुगडं काळं दिसलं की "त्या काळी लग्नातसुद्धा काळं नेसायच्या" असं म्हणून लोक मोकळे होतात. जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटींवर निळा रंग फार लवकर उमटायचा आणि लाल जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे लालभडक शालू फोटोत काळा येई आणि निळं लुगडं पांढुरकं. कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. नेसण, दागिन्यांची जागा, चोळीच्या बाहीची लांबी यासाठी मात्र फोटोसारखा साक्षीदार नाही.

रंगीत चित्रांत रंग मिळतो, पण चित्रकार पदराची चुणी सुंदर दिसावी म्हणून बदलतो. तरी सराव म्हणून आधी चित्रं बघून या. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांचं काम आहे. सवड असेल तर सातारा जिल्ह्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय एक दिवस काढून बघण्यासारखं आहे.

टप्पा ९ : दागिने शेवटी

दागिने आधी बघितले की डोळे दिपतात आणि नंतर कापड फिकं वाटतं. म्हणून शेवटी.

कोल्हापुरी साज दिसला तर पानं मोजा. प्रचलित मोजणीत २१ पानं: दहा अवतार, आठ अष्टमंगल, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईत. कमी भरली तर पान गळालंय, मोडून विकलंय किंवा साज मुळातच छोट्या घडणीचा होता, हे विचारा. वजन डोळ्यांनी जोखू नका. साजाचे मणी बहुधा आतून लाखेनं भरलेले असतात, दिसतात भरीव पण असतात हलके. ठुशी, चिंचपेटी गळ्याला लागून, बोरमाळ-मोहनमाळ खाली, ही उतरंड पुतळ्यावर नीट बसवली आहे का तेही बघा.

टप्पा १० : जे मांडलेलं नाही, तेही लिहा

दालनात शालू, पैठण्या, पीतांबर असतात. भांगलणीला, म्हणजे रानातलं तण काढायला, नेसलेलं लुगडं नसतं. हे मुद्दाम दडवलेलं नसतं. रोजचं लुगडं आधी दंड घालून वापरलं जायचं, मग त्याची वाकळ (गोधडी) व्हायची, वाकळ विरली की चुलीपाशीचं फडकं. उलट बाजूला, भारी जरीचं वस्त्र फाटलं की जुनी जरी घेणारे दारावर येत आणि ती जाळून चांदी काढत. त्यामुळे अगदी साधं आणि अगदी भरजरी, दोन्ही टोकांची पुष्कळ वस्त्रं गेली.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: इथं कुणाचे कपडे आहेत आणि कुणाचे नाहीत? विधवेचं आलवण आहे का? मुलींचं परकर-पोलकं? हातमागवाल्यांच्या, चांभारवाड्यातल्या, रानात राबणाऱ्या बायकांचं काही? जुनी कोल्हापुरी पायताणं मांडली असतील तर ती कुठल्या घरातल्या पायांत होती?

टप्पा ११ : विचारा, पण रीतसर

बाहेर पडण्याआधी अभिरक्षक किंवा तिथले कर्मचारी भेटले तर प्रश्नचिन्हांचं पान उघडा. "तुमची पाटी चुकलीय" अशी सुरुवात नको. "या चोळीची शिवण मशीनची वाटली, नंतर दुरुस्त केलीय का?" असं नेमकं विचारलं की समोरचं माणूस खुलतं. गर्दीच्या वेळी अडवू नका, अभिप्राय-वहीत लिहा. 'छान', 'अप्रतिम' लिहून कुणाचंच भलं होत नाही. कोणती वस्तू आणि काय शंका, एवढं लिहा.

टप्पा १२ : त्याच रात्री

तीन वस्त्रांची वर्णनं वहीतून नीट उतरवून काढा. दोन दिवसांनी पेन्सिलीच्या खुणा तुमच्या तुम्हालाच लागत नाहीत.

मग टप्पा २ मध्ये काढलेलं घरचं लुगडं परत ठेवताना आता जाणत्या हातानं ठेवा. घडी जुन्याच रेषांवर घालू नका, जरा सरकवून घाला आणि दर तीन-चार महिन्यांनी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. जड जरीचं वस्त्र हँगरला टांगू नका, स्वतःच्या वजनानं फाटतं. डांबरगोळ्या थेट कापडावर टाकू नका, अत्तर तर नकोच.

आणि एक चिठ्ठी करा: लुगडं कुणाचं, कोणत्या प्रसंगी घेतलं, कुणी कुणाला दिलं. जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच, पेन्सिलीनं. ती टाचणीनं किंवा स्टेपलरनं कापडाला लावू नका, गंज धरून भोक पडतं. सुती नाडीनं मलमलीच्या बाहेरून बांधा.